समुपदेशनाची फाइल कोर्टात मागितली गेली तर: सिडनीच्या प्रिव्हिलेज सर्व्हिसचा आढावा

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात लैंगिक अत्याचाराचा खटला चालू असताना पीडितेच्या समुपदेशनाच्या नोंदी मागवल्या गेल्या, तर त्या थांबवण्यासाठी तिच्या बाजूने कोर्टात उभी राहणारी एक वकिली सेवा आहे. 'लीगल एड एनएसडब्ल्यू' या सरकारी कायदा-मदत संस्थेचा तो एक विभाग. २०११ मध्ये सुरू झाला. पूर्ण नाव सेक्शुअल असॉल्ट कम्युनिकेशन्स प्रिव्हिलेज सर्व्हिस. हे नाव ऐकून सेवा नेमकी कशाची आहे हे निम्म्या लोकांना कळणार नाही, आणि ज्या बाईला तिची गरज आहे तिला त्या दिवशी तर नाहीच नाही. प्रिव्हिलेज म्हणजे समुपदेशनातले बोलणे गोपनीय ठेवण्याचा कायदेशीर विशेषाधिकार. इथे या सेवेला नुसते प्रिव्हिलेज सर्व्हिस म्हणू.

मत आधीच सांगून टाकतो. सेवा मोफत आहे, उत्पन्नाची अट नाही, काम एकाच विषयाचे असल्यामुळे वकील त्यात मुरलेले असतात, आणि त्यांच्या हातातला कायदा भक्कम आहे. पण ती वेळेत गाठली तरच उपयोगाची. नोंदी एकदा पोलिसांच्या फाइलमध्ये किंवा बचाव पक्षाच्या टेबलावर गेल्या की लोकांनी वाचलेले परत पुसता येत नाही. म्हणून या आढाव्यात कोर्टातल्या युक्तिवादापेक्षा त्याच्या आधीच्या टप्प्यांवर जास्त लिहिले आहे. घोटाळा होतो तो तिथेच.

आधी प्रश्न, की या नोंदींत असे असते तरी काय?

समुपदेशक तासभर ऐकतो आणि बाई गेल्यावर आठवणीने चार-सहा ओळी लिहितो. त्या ओळींचा उद्देश पुढच्या वेळी धागा कुठून पकडायचा एवढाच असतो. तो जबाब नसतो, तिला वाचून दाखवलेला नसतो, तिची त्यावर सही नसते. पण तीच ओळ उलटतपासणीत पोलिसांच्या जबाबाशेजारी ठेवली की 'पूर्वी वेगळे सांगितले होते' असा पुरावा म्हणून उभी राहते.

मराठी बाईच्या बाबतीत हा धोका दुप्पट आहे, आणि तो कसा ते नीट पाहण्यासारखे आहे. समजा ती दुभाष्यामार्फत समुपदेशकाला सांगते, 'गणपतीच्या आधी त्याने अतिप्रसंग केला.' या एका वाक्यात दोन सापळे आहेत. 'अतिप्रसंग' हा शब्द मराठीत बलात्कारासाठीही वापरला जातो आणि छेडछाडीसाठीही. लाजेने नेमका शब्द न उच्चारणाऱ्या बायका हाच शब्द पुढे करतात. 'जबरदस्ती केली', 'वाईट वागला', 'अंगावर आला' यांचेही तेच. दुभाष्याने त्याचे इंग्रजी 'गैरवर्तन' असे केले, तर समुपदेशकाच्या वहीत 'गैरवर्तन' एवढेच उतरते. सहा महिन्यांनी पोलिसांसमोर तिने धीर करून स्पष्ट शब्द वापरला, की बचाव पक्ष विचारणार, आधी तर तुम्ही गैरवर्तन म्हणाला होता, बलात्कार हा शब्द नंतर कुठून आला?

दुसरा सापळा गणपतीचा. २०२२ मध्ये गणेश चतुर्थी ३१ ऑगस्टला होती, २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला. समुपदेशकाला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याने विचारले, गणपती कधी असतात. उत्तर आले, सप्टेंबरच्या सुमारास. वहीत लिहिले गेले 'सप्टेंबर'. प्रत्यक्ष घटना ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातली. बाई दोन्हीकडे खरेच बोलली, तरी कागदावर दोन वेगवेगळे महिने पडले.

याच्या पलीकडे जुन्या नोंदी आहेतच. बाळंतपणानंतर आलेले नैराश्य, सासरच्या ताणातून घेतलेल्या झोपेच्या गोळ्या, कॉलेजात असताना मनात आलेला आत्महत्येचा विचार. यातल्या कशाचाही खटल्याशी संबंध नसतो. पण 'साक्षीदाराची मनःस्थिती पूर्वीपासूनच अस्थिर' असे चित्र उभे करायला हे कागद सोयीचे पडतात. आपल्या नोंदी आरोपी वाचू शकतो हे कळले की बाई समुपदेशकाकडे जाणे सोडते, किंवा जाते पण बोलत नाही. उपचार तिथेच संपतो. अशा नोंदींना संरक्षण देणारा कायदा त्यासाठीच झाला.

तो सहजासहजी झाला नाही. १९९५ मध्ये कॅनबेरातल्या बलात्कारपीडितांच्या मदत केंद्राच्या समन्वयक बाईंनी नोंदी द्यायला नकार दिला म्हणून त्यांना कोठडीत टाकले गेले. न्यू साउथ वेल्सने १९९७ मध्ये कायदा केला. १९९९ मध्ये तिथल्या फौजदारी अपील न्यायालयाने त्याचा अर्थ इतका आखडता घेतला की नोंदी मागवण्याच्या टप्प्यावर त्याचे संरक्षणच मिळेना, तेव्हा विधिमंडळाने त्याच वर्षी दुरुस्ती केली. मग वेगळीच अडचण पुढे आली. खटला सरकार विरुद्ध आरोपी असा असतो, बाई फक्त साक्षीदार. हक्क तिचा, पण तो मांडायला तिच्याकडे वकीलच नाही. सरकारी वकील तिचे वकील नसतात. त्यांचे कर्तव्य खटल्याशी आणि कोर्टाशी असते, आणि एखादी नोंद खटल्याला उपयोगी असेल तर त्यांचे व तिचे हित वेगळेही पडू शकते. २००९-१० मध्ये विमेन्स लीगल सर्व्हिसेस एनएसडब्ल्यू या संस्थेने खासगी वकिलांना बरोबर घेऊन फी न घेता अशा बायकांची बाजू मांडण्याचा प्रयोग केला. २०१० च्या दुरुस्तीने बाईला स्वतः कोर्टात हजर होऊन म्हणणे मांडण्याचा अधिकार मिळाला आणि पाठोपाठ ही सेवा उभी राहिली. हक्क, तो मांडण्याचा अधिकार आणि मांडणारा वकील, अशा तीन गोष्टी जमायला चौदा वर्षे लागली.

आता संरक्षण कशाला मिळते ते. क्रिमिनल प्रोसीजर ॲक्ट १९८६ ची कलमे २९५ ते ३०६ इथे लागू पडतात आणि त्यात कलम २९६ ची व्याख्या सगळ्यात महत्त्वाची, कारण ती चांगलीच ऐसपैस आहे. समुपदेशक म्हणजे पाटी लावलेला मानसोपचारतज्ज्ञच असे नाही. दुखावलेल्या माणसाला आधार देण्याचे शिक्षण, प्रशिक्षण किंवा अनुभव ज्याच्याकडे आहे आणि जो ऐकतो, धीर देतो, सल्ला देतो किंवा उपचार करतो, तो समुपदेशक. पैसे घेतो की नाही याला महत्त्व नाही. त्यामुळे जीपी म्हणजे नेहमीचे फॅमिली डॉक्टर, रुग्णालयातली सोशल वर्कर, शाळेचा किंवा विद्यापीठाचा समुपदेशक, कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी ठेवलेली समुपदेशन सेवा हे सगळे या व्याख्येत बसू शकतात.

बोलणे अत्याचाराबद्दलच असले पाहिजे असेही नाही. अत्याचाराच्या आधीचे, इतर कुठल्याही दुःखाबद्दलचे समुपदेशनही सुरक्षित आहे. वर सांगितलेली बाळंतपणानंतरची फाइल म्हणूनच याच छत्राखाली येते. सोबत कुणी बसले म्हणून गोपनीयता जात नाही, मात्र ती व्यक्ती संवादाला मदत म्हणून किंवा आधारासाठी तिथे असली पाहिजे. दुभाषी असला तरी चालतो, लहान मुलीसोबत आई असली तरी चालते.

काय सुरक्षित नाही तेही तितकेच स्पष्ट हवे. बहिणीला पाठवलेले व्हॉट्सॲप, मैत्रिणीशी फोनवर झालेले बोलणे, मंडळातल्या वडीलधाऱ्या काकूंपाशी मोकळे केलेले मन, यांना हे संरक्षण नाही. काकूंना त्या कामाचे प्रशिक्षण किंवा तसा अनुभव असेल तर गोष्ट वेगळी. फॉरेन्सिक वैद्यकीय तपासणीचा अहवाल खटल्याचा पुरावा असतो, त्याला समुपदेशनाची नोंद समजू नये. विद्यापीठात केलेल्या तक्रारीची चौकशी-फाइल आणि विद्यापीठाच्या समुपदेशकाची फाइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीला दुसरीचे संरक्षण मिळत नाही. विद्यार्थिनींचा हा घोळ फार होतो, कारण दोन्ही खोल्या बहुधा एकाच इमारतीत असतात आणि दोन्हीकडे प्रेमाने विचारपूस होते.

नोंदी मागवण्याची पद्धत आता अशी आहे. आरोपनिश्चितीपूर्वीच्या प्राथमिक टप्प्यात, म्हणजे जामिनाच्या किंवा कमिटलच्या (खटला वरच्या कोर्टात पाठवायचा का हे ठरण्याच्या) वेळी, या नोंदी मागताच येत नाहीत. तिथे न्यायाधीशालाही सवलत देण्याचा अधिकार नाही. खटल्याच्या टप्प्यावर बचाव पक्षाला आधी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. त्या अर्जाची लेखी नोटीस द्यावी लागते आणि सरकारी वकिलाने ती पीडितेपर्यंत पोहोचवायची असते. नोटीस दिल्यावर साधारण १४ दिवस जाईपर्यंत निकाल देता येत नाही, पण कोर्ट ही मुदत कमी करू शकते. हे १४ दिवस म्हणजे तुमचा सगळा वेळ. त्यात नोटीस समजून घेणे, वकील गाठणे, दुभाषी मिळवणे, समुपदेशकाशी बोलणे आणि प्रतिज्ञापत्र तयार करणे हे सगळे बसवायचे असते. म्हणून लिफाफा आला त्याच दिवशी फोन करा. 'घरी विचारून सांगते' म्हणत आठवडा गेला तर निम्मी मुदत गेली.

परवानगीसाठी बचाव पक्षाला कलम २९९-डी च्या तीन पायऱ्या चढाव्या लागतात. नोंदीला पुरावा म्हणून भरीव मोल असले पाहिजे. तीच गोष्ट दुसऱ्या कुठल्या मार्गाने मिळणारी नसली पाहिजे. आणि गोपनीयता राखण्यातल्या सार्वजनिक हितापेक्षा तो पुरावा पुढे येण्यातले हित बऱ्याच जास्त वजनाचे असले पाहिजे. तिन्ही पायऱ्या, एकही गाळून चालत नाही. 'फाइलमध्ये काही सापडते का बघू' एवढ्यावर भागत नाही. शिवाय मागणीमागे एखादा पूर्वग्रह आहे का, म्हणजे 'मानसोपचार घेतलेली बाई खोटे बोलते' असल्या धारणेवर ती उभी आहे का, हेही न्यायाधीशाने विचारात घ्यायचे असते. निर्णयाची कारणे त्याने सांगायची असतात.

आता सेवेचे प्रत्यक्ष काम. पहिल्या फोनवर तारीख, कोर्ट आणि कुणाच्या नोंदी मागितल्या आहेत हे विचारले जाते. मग वकील बाईला पर्याय समजावतो. पूर्ण विरोध करायचा, काही पाने द्यायची, की संमती द्यायची. हा निर्णय तिचाच असतो, आणि या सेवेची आम्हाला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट हीच. तिच्या गोष्टीवर आतापर्यंत पोलिसांनी, डॉक्टरांनी, सरकारी वकिलांनी निर्णय घेतलेले असतात, घरच्यांनीही. इथे पहिल्यांदा कुणीतरी तिला विचारते, तुम्हाला काय हवे?

सगळ्याच नोंदी तिच्या विरुद्ध जातात असेही नाही. घटनेनंतर दुसऱ्याच दिवशी ती समुपदेशकापाशी रडून बोलली असेल, तर ती नोंद तिच्या बाजूचीही ठरू शकते. पण एक पान दिले की बाकीची पाने मागायला वाट मिळते का, हा प्रश्न वकिलाला सरळ विचारा आणि उत्तर लिहून घ्या. संमती द्यायचीच असेल तर ती लेखी हवी आणि नेमक्या कोणत्या कागदासाठी आहे हे तिच्यात स्पष्ट हवे. कायद्यातच तसे आहे.

विरोध करायचा ठरला की सगळ्यात नाजूक कागद म्हणजे गोपनीय निवेदन. नोंदी उघड झाल्या तर तिचे काय नुकसान होईल हे त्यात लिहायचे असते. तिच्या वतीने दुसरे कुणीही ते देऊ शकते, अनेकदा समुपदेशकच देतो. न्यायाधीश ते वाचतो, पण आरोपीला किंवा त्याच्या वकिलाला दाखवत नाही. इथे मराठी घरातली खरी भीती मोकळेपणाने लिहावी. आरोपी नात्यातला असेल, नोंदींत सासूचे नाव असेल, गावाकडे धाकट्या बहिणीचे लग्न ठरायचे असेल, तर हे 'घरगुती' म्हणून गाळू नका. 'मला त्रास होईल' या एका ओळीला वजन नसते. 'या नोंदींत माझ्या नवऱ्याच्या आजाराची माहिती आहे, ती बाहेर गेली तर तो मला समुपदेशनाला जाऊ देणार नाही' या ओळीला असते. दुभाषी लागला तर तोही गोपनीयतेला बांधलेलाच हवा. शेजारच्या वहिनींना किंवा मुलाला बसवू नका.

सुनावणीला ती स्वतः हजर नसली तरी वकील तिची बाजू मांडतो. गरज पडली तर न्यायाधीश कागद स्वतः पाहून ठरवतो. परवानगी दिलीच तरी सगळे उघडे पडते असे नाही. काही ओळी काळ्या करणे, प्रती काढायला मनाई, फक्त वकिलांनाच पाहू देणे, बंद दाराआड सुनावणी अशा अटी मागता येतात. निकाल विरुद्ध गेला तर अपीलही करता येते, जे साध्या साक्षीदाराला एरवी जमत नाही. या टप्प्यावर सेवेबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही.

तक्रारीच्या जागा बाहेर आहेत, आणि त्यातली सगळ्यात मोठी दवाखान्याच्या रेकॉर्ड काउंटरवर आहे. सबपीना म्हणजे कागद हजर करायला सांगणारा, कोर्टाचा शिक्का मारलेला हुकूम. त्यावर हजर करण्याची तारीख असते आणि खाली 'संबंधित व्यक्तीच्या सर्व नोंदी, टिपणे, पत्रव्यवहार, ई-मेल' अशी सरसकट यादी. काउंटरवरच्या कारकुनाला शिक्का दिसतो. कोर्टाचा हुकूम मोडला तर अवमान, एवढे त्याला ठाऊक असते. तो फाइल काढतो, फोटोकॉपी करतो आणि पाठवून देतो. त्यात कुणाचाही वाईट हेतू नसतो. पण हा सबपीना कोर्टाच्या परवानगीने निघाला आहे की नाही, हे कुणी पाहिलेलेच नसते. आरोग्यसेवेत काम करणाऱ्या आपल्या अनेक मराठी मुलामुलींनी एवढे तरी पाठ करावे. सबपीनाकडे दुर्लक्ष करू नका, पण त्याला घाबरून सगळी फाइलही देऊन टाकू नका. परवानगीचा उल्लेख शोधा. तो नसेल किंवा शंका असेल तर आधी प्रिव्हिलेज सर्व्हिसला फोन करा. समुपदेशकांना आणि नोंदी ठेवणाऱ्या संस्थांनाही ते मार्गदर्शन करतात. तारीख उद्यावर आली असेल तर समुपदेशनाची पाने बाकीच्या वैद्यकीय कागदांपासून वेगळी करून लिफाफ्यात सीलबंद करा, लिफाफ्यावर 'समुपदेशनाच्या नोंदी, विशेषाधिकाराचा दावा' असे ठळक लिहा आणि सोबतच्या पत्रासह तो कोर्टाच्या रजिस्ट्रीत द्या. वकिलाच्या किंवा पोलिसाच्या हातात देऊ नका.

हे करताना एक गोष्ट हमखास चुकते. रुग्णालयाच्या संगणकीय फाइलमध्ये समुपदेशनाची नोंद वेगळ्या कप्प्यात नसते. जीपीने केलेली मानसिक आरोग्य उपचार योजना, मानसशास्त्रज्ञाने जीपीला पाठवलेले पत्र, परिचारिकेच्या पाळीच्या नोंदीतली 'रात्री रडत होती, तिने सांगितले की' अशी ओळ, हे सगळे वेगवेगळ्या जागी विखुरलेले असते. सोशल वर्करची पाने काढली आणि बाकी दिले, तर तेच बोलणे दुसऱ्या दाराने बाहेर जाते. पानन्‌पान वाचल्याशिवाय गत्यंतर नाही.

दुसरी जागा पोलीस ठाण्यातल्या संमतीपत्राची. तक्रार देताना 'वैद्यकीय माहिती घेण्यास हरकत नाही' अशा छापील कागदावर सही मागितली जाते. मनःस्थिती नसते, इंग्रजी समजत नसते, सही होते. या सहीने समुपदेशनावरचा हक्क सोडला असे कायद्याने होत नाही, कारण संमती नेमकी असावी लागते. पण प्रत्यक्षात नोंदी पोलिसांच्या फाइलमध्ये येऊन पडतात आणि मग त्या बचाव पक्षाच्या हाती जाऊ नयेत म्हणून धावाधाव करावी लागते. सही करण्याआधी कागदावर हाताने 'समुपदेशनाच्या व मानसोपचाराच्या नोंदी वगळून' असे लिहा आणि त्या शब्दांशेजारीही सही करा. पोलिसांचा विरोध पत्करावा लागला तरी चालेल.

तिसरी जागा फोन. समुपदेशकाने पाठवलेले ई-मेल आणि संदेश घरच्या ग्रुपवर पुढे पाठवू नका. मनातले उतरवायला दिलेला गृहपाठ नेहमीच्या डायरीत लिहू नका, वेगळ्या वहीत लिहा आणि ती वही समुपदेशनाची आहे हे तिच्यावर नमूद करा. पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या समुपदेशकाशी व्हिडिओवर बोलत असाल तर तेही वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा; नंतर निघाले तर तयारी अपुरी पडते.

समुपदेशकांसाठीही एक सूचना. तिने वापरलेला मराठी शब्द देवनागरीत किंवा निदान उच्चाराप्रमाणे जसाच्या तसा टिपा आणि त्याचा अर्थ दुभाष्याला विचारून शेजारी लिहा. सणावारावरून तारीख काढू नका. 'गणपतीच्या आधी' असे ती म्हणाली असेल तर तेच लिहा, महिना लिहू नका. स्वतःचा अंदाज आणि तिचे बोलणे वेगळ्या ओळीत ठेवा. नोंद कमी ठेवायची म्हणून उपचाराला लागणारी माहिती मात्र गाळू नका. आणि सबपीना आल्यावर फाइल नष्ट करणे किंवा बदलणे हा गुन्हा आहे. त्याने बाईचेच नुकसान होते.

सेवेच्या मर्यादा थोडक्यात. ती मुख्य खटला लढवत नाही, नुकसानभरपाईचे काम करत नाही, आणि तिचा अधिकार न्यू साउथ वेल्सपुरताच. घटस्फोट आणि मुलांचा ताबा हे संघराज्याच्या कौटुंबिक न्यायालयाचे विषय, तिथे नियम वेगळे. कौटुंबिक हिंसेच्या प्रकरणांत फौजदारी आणि कौटुंबिक खटले अनेकदा एकाच वेळी चालतात, म्हणून कौटुंबिक वकिलाला आणि प्रिव्हिलेज सर्व्हिसच्या वकिलाला एकमेकांची नावे आणि फोन देऊन ठेवा. एका कोर्टात जपलेली फाइल दुसऱ्या कोर्टात उघडी पडली तर सगळेच वाया.

दुसऱ्या राज्यांत पाहिले तर टास्मानियाचा कायदा याहून कडक आहे. तिथे पीडितेची संमती नसेल तर समुपदेशनातले बोलणे फौजदारी खटल्यात येतच नाही, परवानगीचा प्रश्नच नाही. आम्हाला तो नियम जास्त सरळ वाटतो, कारण १४ दिवसांची शर्यतच उरत नाही. क्वीन्सलंडने २०१७ मध्ये असाच विशेषाधिकार आणला आणि सोबत 'काउन्सेलिंग नोट्स प्रोटेक्ट' ही मोफत सेवाही सुरू केली. ब्रिस्बेनच्या वाचकांनी हे नाव लक्षात ठेवावे. ते नावच सगळे सांगून टाकते, सिडनीने त्यापासून शिकावे.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे सगळे परके वाटेल, आणि त्याचे कारण दुःखद आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ मध्ये नवरा-बायकोमधल्या आणि वकील-अशिलामधल्या बोलण्याला संरक्षण आहे. समुपदेशकाशी किंवा डॉक्टरशी झालेल्या बोलण्याला तसे वेगळे कलम नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली कागद मागवता येतात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे, पण सक्षम अधिकाऱ्याचा आदेश हा त्याला अपवाद. बलात्काराची सुनावणी बंद दाराआड होते आणि ओळख उघड करणे गुन्हा आहे, पण बंद दाराआड आरोपी आणि त्याचा वकील बसलेलेच असतात. मुंबईत महापालिकेच्या वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालेले दिलासा केंद्र, राज्यभरातली सखी केंद्रे, २०१३ पासूनची मनोधैर्य योजना, या सगळ्यांत समुपदेशन आहे, नोंदीही आहेत. त्या मागितल्या गेल्या तर पीडितेला आधी नोटीस मिळेल, तिचा स्वतःचा वकील त्याच मुद्द्यावर उभा राहील, अशी सोय नाही. तोवर निदान इतके तरी करता येते: समुपदेशकाने समन्स आल्याबरोबर पीडितेला लेखी कळवायचे, कलम २३ चा हवाला देत कोर्टाला अर्ज करून मागणी नेमक्या पानांपुरती करावी अशी विनंती करायची, आणि कागद सीलबंद द्यायचे. पीडितेला सरकारी वकिलाच्या मदतीला स्वतःचा वकील देण्याची परवानगी मागता येते. त्या वकिलाला हा मुद्दा पहिल्याच दिवशी सांगावा.

सिडनीत किंवा राज्यात कुठेही असाल आणि तुमच्या हातात नोटीस आली असेल, तर लीगल एड एनएसडब्ल्यूच्या १३०० ८८८ ५२९ या क्रमांकावर प्रिव्हिलेज सर्व्हिस मागा. इंग्रजी जड जात असेल तर आधी १३१ ४५० वर फोन करून मराठी दुभाषी मागा आणि त्याच्याकडून तो क्रमांक जोडून घ्या. फोन करताना नोटिशीचे पहिले पान समोर ठेवा. चार गोष्टी सांगा: कोर्टाचे नाव, वर लिहिलेली तारीख, कुणाच्या नोंदी मागितल्या आहेत, आणि नोटीस तुमच्या हाती कोणत्या दिवशी पडली. घडलेली गोष्ट त्या फोनवर सांगायची गरज नाही.